न दिलेली भूल

शंभरातून सात वजा करत खाली या, असं त्या मुलीनं सांगितलं तेव्हा मला हसू आलं. सोळा वर्षं मी भूल देणारी डॉक्टर आहे. माणसाच्या वजनावरून औषधाचा हिशेब मी दुसऱ्याशी गप्पा मारता मारता करते, आणि ही कालची पोरगी मला वजाबाकी विचारत होती. सकाळचे साडेआठ वाजले होते. माझी ड्यूटी आदल्या दिवशी सकाळी आठला सुरू होऊन अर्ध्या तासापूर्वी संपली होती, म्हणजे कागदावर संपली होती, कारण दहाला पुन्हा सिझेरियनसाठी एक बाई टेबलावर यायची होती आणि तिच्यासाठी दुसरं कोणी नव्हतं. ती मुलगी संशोधन करणारी होती. रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरांचं रक्त ड्यूटीनंतर घ्यायचं, मग तीन दिवस नीट झोप झाल्यावर पुन्हा घ्यायचं आणि दोन्ही वेळा काही सोपे प्रश्न विचारायचे, असं तिचं काम. आमच्या चहाच्या खोलीत कोपऱ्यात बर्फाची पेटी घेऊन ती बसायची. मी म्हटलं, "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, चौसष्ट, सत्तावन्न, पन्नास. पुरे?" तिनं लिहून घेतलं. मग म्हणाली, "पुन्हा एकदा म्हणाल का, मॅडम?" मी पुन्हा म्हटलं, तसंच, त्याच चालीत. तिनं मान खाली घातली. मी विचारलं, "का, चुकलं का काही?" ती म्हणाली, "मला सांगायची परवानगी नाही." मग मीच तिच्या पुढ्यातलं रेकॉर्डिंगचं यंत्र ओढून घेतलं आणि ऐकलं. बहात्तर, चौसष्ट. दोन्ही वेळा.

चूक कोणाचीही होते. मला हादरवलं ते माझ्या आवाजानं. तो जराही अडखळत नव्हता. ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांना "काही काळजी करू नका, मी आहे ना" असं सांगताना जो आवाज मी लावते तोच तो, आणि त्या आवाजात मी बहात्तरातून सात वजा करून चौसष्ट सांगत होते. मी त्या मुलीवर डाफरले. "चोवीस तास उभी राहून दाखव, मग मला वजाबाकी विचार." ती घाबरली नाही. शांतपणे माझ्या दंडाला पट्टा बांधत म्हणाली, "तेच तर मोजतेय, मॅडम." तिनं रक्त घेतलं, नळीवर नावाऐवजी एक आकडा लिहिला आणि ती बर्फात खोचली. मी उठले आणि दहाच्या त्या बाईला भूल दिली. बाळ रडलं, आई हसली. सगळं ठीक झालं. सगळं ठीक होतं म्हणून तर हे चालतं.

त्या दुपारी घरी येऊन पडले तरी डोळा लागेना. अंग मेल्यासारखं आणि डोकं मात्र मळणीयंत्रासारखं धडधडत. बाहेरच्या खोलीत बाबा खुर्ची सरकवत होते. बाबांना आता दिवसातून चार वेळा सांगावं लागतं की आई गेली. ते काचेच्या कारखान्यात होते, बाटल्या करणाऱ्या भट्टीवर. भट्टी एकदा पेटली की विझवायची नाही, विझली तर आतली काच गोठून भट्टीच फुकट जाते, म्हणून माणसांनी आळीपाळीनं जागायचं. आमचं लहानपण कुजबुजण्यात गेलं. खिडकीला काळा कागद, दाराला आतून कापडाची गुंडाळी, आणि आई ओठांवर बोट ठेवून, "बाबा झोपलेत." बाबा झोपलेले नसायचे. मी फटीतून बघायची, ते छताकडे डोळे लावून पडलेले असायचे, हात पोटावर, जणू कोणीतरी त्यांना निजवून ठेवलंय. एकोणतीस वर्षं. एकही पाळी न चुकवल्याबद्दल त्यांना एक मनगटी घड्याळ मिळालं आणि ते घालून त्यांनी फोटो काढला. "भट्टीला झोप नाही, तर माणसाचे लाड कशाला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते म्हणताना त्यांची छाती फुगायची. मीही त्यांच्याकडूनच शिकले की जागणं हा पराक्रम असतो. शिकाऊ डॉक्टर असताना आम्ही तास मोजायचो, मुलं कैऱ्या मोजतात तसे. माझे तीस, तुझे किती? बाबांचं डोकं पाळ्यांमुळेच गेलं असं कोणी ठामपणे सांगू शकत नाही. मी डॉक्टर आहे, मला ते कळतं. पण त्या दुपारी खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकताना मला त्या घड्याळाचा जो संताप आला, तो ठामच होता.

शिकाऊ असताना आमच्यात सगळ्यात जास्त तास लंबूचे असायचे. नाव त्याचं वेगळं होतं, पण दारातून वाकून आत येणाऱ्या माणसाला नावानं कोण हाक मारतं? लंबू विनोदी होता. म्हणायचा, "आपला धंदा सोपा आहे. भूल द्यायची, घ्यायची नाही, आणि झाली तर कबूल करायची नाही." पुढे आम्ही एकाच रुग्णालयात लागलो. तीन वर्षांपूर्वी एका शिंप्याचं साधं ऑपरेशन झालं. शेवटी स्नायूंचं ढिलेपण उतरवणारं इंजेक्शन द्यायचं असतं. त्याऐवजी लंबूनं ढिलेपण आणणारंच पुन्हा दिलं. कुप्या सारख्या दिसतात, शेजारी शेजारी असतात. शिंप्याचा श्वास थांबला, आणि ते लक्षात यायला जी काही मिनिटं गेली तेवढी पुरली. माणूस वाचला. पण नंतर तो टेप हातात धरून उभा राहायचा आणि कशाचं माप घेत होतो हे त्याला आठवायचं नाही. चौकशी समिती नेमली गेली: आमचे विभागप्रमुख, एक प्रशासकीय अधिकारी आणि मी. मसुदा मी लिहिला. त्यात चौथ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: घटनेच्या वेळी सदर डॉक्टर सलग एकतीस तास कामावर होते. विभागप्रमुखांनी ते वाचलं, पेन काढलं आणि त्यावर एक सरळ रेघ ओढली. म्हणाले, "तास सगळ्यांचेच आहेत. हे घातलं तर रुग्णालय अडचणीत येईल, आणि त्याला काही फायदाही नाही." खाली उरलं ते असं: वैयक्तिक हलगर्जीपणा. मी सही केली. मला त्या वेळी काय वाटलं ते आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे, आणि दर वेळी एकच गोष्ट आठवते. मला झोप येत होती आणि ती बैठक संपायला हवी होती.

महिन्याभरानं त्या संशोधक मुलीनं मला तिच्या खोलीत बोलावलं. ज्याला आपले निकाल बघायचे असतील त्याला दाखवायचे, असा तिचा नियम होता. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे ठिपके होते. "या तुमच्या पेशी," ती म्हणाली, "झोप झाल्यानंतरच्या." गोल, गच्च, लिमलेटच्या गोळ्यांसारखे. मग तिनं दुसरं चित्र लावलं. त्यात त्याच ठिपक्यांना मागे शेपट्या फुटल्या होत्या, धुरकट, लांब, आकाशातल्या शेपटीवाल्या ताऱ्यांसारख्या. "हे ड्यूटीनंतरचं. आतला डीएनए जिथे तुटलेला असतो ते तुकडे असे मागे ओढले जातात. जितकी तुटफूट जास्त, तितकी शेपटी लांब." मी विचारलं, "म्हणजे मला काय होणार?" ती म्हणाली, "तसं सांगता येणार नाही. तुटफूट सगळ्यांचीच होते, शरीर ती दुरुस्त करत राहतं. पण जागरणानंतर तुमची तुटफूट वाढलेली दिसते आणि दुरुस्ती मंदावलेली. आणि उत्तरं..." ती थांबली. "उत्तरांचं काय?" "ज्यांची उत्तरं चुकली, त्यातल्या बहुतेकांना ती चुकली असं वाटत नव्हतं." मी त्या शेपट्यांकडे बघत राहिले. सोळा वर्षं मी समजत होते की थकवा म्हणजे अंगावर बसलेली धूळ, आंघोळ केली की जाते. आणि हे तर आतल्या आत, माझ्या नकळत, कोणी वहीची पानं टराटरा फाडावीत तसं चाललं होतं. पण मला धूर निघाल्यासारखा राग आला तो त्या शेपट्यांचा नव्हे. लंबूचं रक्त कोणी घेतलं नव्हतं. त्याला वजाबाकी कोणी विचारली नव्हती. त्याच्या एकतीस तासांचा एकच पुरावा होता, ते वाक्य, आणि ते मी खोडू दिलं होतं.

मी तशीच विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. ते जेवणाचा डबा उघडत होते. मी म्हटलं, "सर, लंबूच्या चौकशीत मी एक वाक्य लिहिलं होतं. ते परत घालायचं आहे."

"तीन वर्षांपूर्वीचं?" त्यांनी झाकण बाजूला ठेवलं. "तू चिडलीयेस. घरी जा, जरा झोप काढ."

"झोपेचं नाव तुम्ही काढू नका, सर."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग ते समजावणीच्या सुरात आले, आणि तो सूर शिवीपेक्षा वाईट असतो. "अगं, आम्ही छत्तीस छत्तीस तास केलेत. मेलो का?"

"तुम्ही नाही मेलात." मी त्यांना त्या शेपट्या आणि चुकलेली वजाबाकी सांगितली.

"हे बघ," ते म्हणाले, "त्या मुलीच्या अभ्यासातले आकडे गुप्त आहेत, ते तसेच राहू देत. उद्या कोणी मला विचारलं, की हिच्या पेशी अशा, हिची गणितं अशी, मग हिला टेबलाशी उभी का करता, तर मी काय सांगू? तुझ्याच भल्यासाठी सांगतोय." माझ्या भल्याचं ते बोलू लागले की मला नेहमी गप्प बसता येतं. बाबांच्या मुकादमालाही बाबांच्या भल्याची फार काळजी असायची. या वेळी मी गप्प बसले नाही, पण काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. दाराबाहेरचा शिपाई नंतर दोन दिवस मला बघून अदबीनं उठून उभा राहत होता, एवढंच सांगते.

त्याच संध्याकाळी लंबूकडे गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा. तो आता विमा कंपनीत कागद तपासतो. दार त्याच्या बायकोनं उघडलं, मला ओळखलं आणि न बोलता आत वळली. लंबू आला. केस पिकले होते, पण चेहरा टवटवीत होता, मला त्याचाही राग आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, वजाबाकी, शेपट्या, चौथा परिच्छेद. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "माफी मागायला आली असशील तर चहा घे आणि जा. माफी देऊन मला काय मिळणार? मी रोज आठ तास झोपतो आता. रोज सकाळी डोळे उघडले की पहिला तो शिंपी दिसतो. ती चूक माझ्या हातानं झाली, ती माझीच आहे, ती मी कोणाला वाटून देणार नाही. पण तुम्ही हलगर्जी लिहिलंत. हलगर्जी माणूस खुर्चीत पेंगतो गं. मी झोपेशी मारामारी करत उभा होतो. भिंतीला डोकं टेकवलं नाही, झोप लागेल म्हणून. थंड पाण्यानं तोंड धुतलं, तीनदा. आणि कुपी उचलताना मला खात्री होती. पूर्ण खात्री." त्याचा आवाज चढला नव्हता, पण बायको आतून दारात येऊन उभी राहिली. "ते वाक्य लिहून दे," तो म्हणाला. "एकतीस तास. तेवढंच. मोठं भाषण नको."

मी तेवढंच लिहिलं. समितीची सदस्य म्हणून मी सही केलेल्या अहवालातून अमुक वाक्य वगळलं गेलं, ते खरं होतं, मी माझी सही मागे घेते. एक प्रत रुग्णालयाला, एक डॉक्टरांच्या मंडळाला. अकरा दिवस कोणी हूं की चूं केलं नाही. पत्र मिळाल्याचा शिक्का तेवढा परत आला. विभागप्रमुख समोरून येताना फोन कानाला लावत. आणि माझ्या ड्यूट्या पूर्वीसारख्याच लागत होत्या, उलट एक जास्तच. राग धुमसत राहिला, पण खरं सांगायचं तर त्या अकरा दिवसांत मीही काही वेगळं वागले नाही. चोवीस झाले, सव्वीस झाले, तोंड धुतलं, उभी राहिले. पत्र लिहिणं सोपं होतं. पत्र लिहून माझं मन थोडं हलकंसुद्धा झालं होतं, आणि त्या हलकेपणाचीच मला चीड येत होती.

बाराव्या दिवशी सकाळी साडेदहाला मी ऑपरेशनच्या खोलीत होते, आदल्या सकाळी सातपासून. मधे दोन अपघात आले होते, एकामागून एक. टेबलावर पित्ताशयाचा पेशंट होता, पन्नाशीचा, बस चालवणारा. जाडजूड मनगटं, आणि पोटावर हात ठेवायची सवय. मी नेहमीचे प्रश्न विचारले. रात्रीपासून काही खाल्लं नाही ना, दात हलतो का, कशाची अ‍ॅलर्जी. त्यानं शाळेतल्या मुलासारखी उत्तरं दिली. मग मी ट्रेमधून कुपी उचलली आणि लेबल वाचलं. अक्षरं स्पष्ट दिसत होती. पुन्हा वाचलं. अक्षरं होती, पण त्यांचा शब्द होत नव्हता. दोन सेकंद असतील, फार तर तीन. मग शब्द झाला, योग्य औषध होतं, योग्य कुपी होती, सगळं ठीक होतं. आणि नेमकं तेव्हाच ते जुनं, ओळखीचं, ठाम वाटणं वर आलं: काही नाही, मी आहे ना. मी कुपी खाली ठेवली.

"मी याला भूल देणार नाही," मी म्हटलं.

सर्जन हात धुऊन, कोपर वर धरून उभा होता. "का, काय झालं? रिपोर्ट बरोबर आहेत."

"रिपोर्ट त्याचे बरोबर आहेत. माझे साडेसत्तावीस तास झालेत."

"मग? आता काय मुहूर्त बघायचाय?" त्यानं सिस्टरकडे बघत हसायचा प्रयत्न केला. कोणी हसलं नाही. "ठीक आहे. तुम्ही बसा. ज्युनियर देईल."

ज्युनियर माझ्या मागेच होती, दुसऱ्या वर्षाची शिकाऊ डॉक्टर. रात्रभर माझ्याबरोबर तीच होती. तिचे डोळे लाल होते आणि मास्कवरून ते आधी सर्जनकडे, मग माझ्याकडे गेले. "मी देते, सर," ती म्हणाली. "मला चालेल." हे वाक्य मी हजारदा म्हटलं आहे. मला चालेल. आतापर्यंतचा सगळा राग, बाबांच्या घड्याळाचा, त्या सरळ रेघेचा, माझ्या सहीचा, या दोन शब्दांवर येऊन आदळला. मी सव्वीस, सत्तावीस तास जागायचं नाकारलं, तर तो बोजा फक्त एक पायरी खाली घरंगळत जाणार होता, जो नाही म्हणू शकत नाही त्याच्या अंगावर.

टेबलावरचा माणूस हे सगळं ऐकत होता. आम्ही विसरतोच की ते ऐकत असतात. त्यानं मान वळवून ज्युनियरला विचारलं, "तुम्ही कधीपासून आहात, डॉक्टर?"

ती अगदी हळू म्हणाली, "काल सकाळपासून."

तो कोपरावर उठून बसला. सिस्टर पुढे धावली. "नको, धरू नका," तो म्हणाला. "आमची पाळी संपली की गाडी दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी लागते. चढायच्या आधी डेपोत विचारतात, झोप झाली का. खोटं बोललो तर नोकरी जाते. माझ्या गाडीत पन्नास माणसं असतात म्हणून विचारतात. तुम्हाला कोणीच विचारत नाही?" तो हे कोणाला विचारत होता ते कळत नव्हतं, मला, सर्जनला की दिव्याला. "मी आज नाही करून घेत. उद्या या, परवा या, झोपून या. माझा खडा कुठे पळून जात नाही."

त्याची बायको बाहेर बाकावर होती. तिला कळलं तेव्हा ती माझ्यावर तुटून पडली. रात्रीपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नाही, मी कामावर खाडा केला, मुलीला शेजारी ठेवलं, आणि तुम्हाला झोप येते? तिचं सगळं खरं होतं. मी ऐकून घेतलं. मला तिला सांगायचं होतं की बाई, तुझ्याएवढीच मीही पेटलेली आहे, पण ते तिनं का ऐकावं? नवराच ट्रॉलीवरून म्हणाला, "त्यांना नको बोलूस. ज्यांना बोलायचं ते इथे नाहीत." (त्याचं ऑपरेशन तिसऱ्या दिवशी झालं. भूल मीच दिली, झोपून. बायको तेव्हाही माझ्याशी बोलली नाही.)

आत आले. ऑपरेशनच्या वहीत रद्द झालेल्या केसपुढे कारण लिहायचा रकाना असतो. तिथे नेहमी पेशंटचंच काहीतरी असतं, ताप, खोकला, वाढलेला रक्तदाब. मी लिहिलं: भूलतज्ज्ञ सलग साडेसत्तावीस तास कामावर, भूल देण्यास असमर्थ. सही केली. पेन ठेवणार तेवढ्यात ज्युनियरनं हात पुढे केला. मी तिला काही म्हटलं नव्हतं. उलट म्हणणार होते की नको, तुझी परीक्षा आहे, तुझे गुण विभागप्रमुखांच्या हातात आहेत, तू यात पडू नकोस. तिनं पेन घेतलं, माझ्या ओळीखाली ओळ आखावी तसं सावकाश लिहिलं: मी सव्वीस तास. आणि खाली पूर्ण नाव, शिकाऊ डॉक्टर वापरतात ती आखूड सही नाही. लिहून झाल्यावर ती स्टुलावर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी मास्क तोंडावर तसाच दाबून धरला.

भिंतीवरचा फोन वाजला. सिस्टरनं उचलला, ऐकलं आणि माझ्याकडे दिला. विभागप्रमुख होते. सर्जन त्यांच्याकडे पोचलाच होता म्हणजे.

"काय ऐकतोय मी?" ते म्हणाले. "वहीत काय लिहून ठेवलंयस तू?"

"मी एकटीनं नाही, सर," मी म्हटलं. "दोघींनी."